काशम्माच्या विहिरीचा नमुना

हणमंत बनसोडे एम.एस्सी.च्या संशोधनाला लागला आणि मिलच्या चाळीत त्याला 'पाणीवाला' नाव पडलं. सायकल, पाठीला पिशवी, पिशवीत काचेच्या बाटल्या आणि तोंडात एकच प्रश्न, तुमच्या विहिरीचं पाणी देता का?

शेजारची नागूबाई अंगणात भांडी घासता घासता म्हणायची, "पानी मागायला एवढं शिकलास व्हय रं? पानी तर आमी न शिकताच जन्मभर मागत आलो की!"

सगळ्या बाया हसायच्या. हणमंतही हसायचा. मग सायकलवर टांग टाकून निघायचा.

हा विषय त्यानं का घेतला, हे चाळीत कुणी विचारलं नाही. त्याचा बाप धोंडिराम मिलच्या डाईंग खात्यात होता. रंग पक्का करायला तिथं बायक्रोमेटचे, म्हणजे क्रोमियमच्या क्षाराचे, नारिंगी खडे वापरायचे. हौदात हात घालून घालून धोंडिरामच्या बोटांना खड्डे पडले होते. भरायचे, पुन्हा पडायचे. जेवताना तो घास तळव्यावर घ्यायचा, बोटांनी नाही. पोरानं हे लहानपणापासून पाहिलं होतं. कॉलेजात क्रोमियमचा धडा आला तेव्हा वर्गात बाकीच्यांनी तो वहीत उतरवून घेतला. हणमंत बापाच्या बोटांचा विचार करत बसला.

बिराजदार सर त्याचे मार्गदर्शक. मनाचे चांगले, पण धांदरट. ते म्हणाले, "मिलमधला माणूस सोड, तिथं तुला कुणी उभं करणार नाही. सांडपाणी कुठं जातं ते बघ." रंगाईचं सांडपाणी ओढ्याला जात होतं. कुंभारीच्या रस्त्याला शहर संपत आलं की तिथं ओढ्याच्या काठाला एक डाईंगचा कारखाना होता. चादरीचं सूत रंगवायचा. ओढा एक दिवस लाल, एक दिवस हिरवा वाहायचा. काठाला वस्ती होती आणि वस्तीत घरोघर विहिरी होत्या. त्या विहिरींत क्रोमियम किती उतरतं, हा हणमंतचा विषय ठरला.

पाण्याचा नमुना घेणं म्हणजे बाटली बुडवली आणि झालं, असं नाही. पहाटे जायचं, कुणी घागर टाकून पाणी ढवळायच्या आत. बादली मधल्या पाण्यापर्यंत सोडायची, वरचा तवंग घ्यायचा नाही, तळाचा गाळ घ्यायचा नाही. त्याच पाण्यानं बाटली विसळायची, ते ओतायचं, पुन्हा विसळायची, मग भरायची. बुडबुडा राहता कामा नये. हे सगळं हणमंतला पाठ होतं. हातानं करायचीही त्याची तयारी होती.

काशम्माचं घर कारखान्याच्या कुंपणाला सगळ्यात जवळ. विहीर दाराशीच, बहात्तरच्या दुष्काळात खोल केलेली, चांगली बांधीव. संशोधनाला अशीच विहीर पाहिजे होती. काशम्मा नवऱ्यामागं घर चालवणारी बाई, घर लिंगायताचं, गळ्यात लिंग, कपाळाला विभूतीचे पट्टे, आवाज सगळ्या गल्लीला पुरेल असा. तिचा मुलगा मागावर कामाला होता, सून शरणम्मा घरात.

हणमंतनं काम सांगितलं. काशम्मानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "कुणाचा रं तू?"

"धोंडिराम बनसोड्यांचा. मिलच्या चाळीत राहतो."

आडनाव ऐकून ती जरा थांबली. हणमंतचा हात तोवर रहाटाच्या दोराकडं गेला होता.

"तितंच थांब, तम्मा," ती म्हणाली. कानडी घरात आईला अव्वा म्हणतात आणि धाकट्या भावाला तम्मा, तसं. "दोराला हात लावू नको. बाटली कट्ट्यावर ठिव. सकाळी भरून ठिवते, घिऊन जा."

आवाजात राग नव्हता. रागावली असती तर हणमंतनं काहीतरी उत्तर दिलं असतं. त्यानं बाटली कट्ट्यावर ठेवली आणि दोन पावलं मागं सरकला.

घरी बापाला सांगितलं तर धोंडिरामला उलट बरं वाटलं. "भरून देते म्हनली? चांगली बाई दिसती. आमच्या टायमाला वरनं ओंजळीत ओतायच्या, ते बी अंग चोरून."

बापाचं समाधान पाहून हणमंतनं विषय वाढवला नाही. काठच्या बहुतेक घरी हेच झालं. कुठं सरळ सांगितलं, कुठं नुसती बादली त्याच्या हातातून काढून घेतली. त्यानं बाटल्या ठेवायला आणि उचलायला सुरुवात केली. कामात खाडा नाही. संध्याकाळी बाटली ठेवायची, सकाळी उचलायची, थेट कॉलेजात न्यायची. प्रबंधात मात्र त्यानं लिहिलं, 'नमुने संशोधकाने प्रत्यक्ष विहिरीवर जाऊन घेतले.' विहिरीवर तो जातच होता. वाक्य खोटं नव्हतं. तरी ते लिहिताना पेन अडला होता.

काशम्माची बाटली सगळ्यांत नीटस असायची. बाहेरून पुसलेली, तोंडाला धुतलेल्या फडक्याची घडी. आत पाणी असं, की बाटली रिकामी आहे की भरलेली ते हलवूनच कळावं.

कॉलेजात तो प्रत्येक नमुना परीक्षानळीत घ्यायचा, आम्ल घालायचा आणि वरून एका द्रावणाचे थेंब टाकायचा. क्रोमियमचं विष असलं की पाणी जांभळं होतं. जितकं जास्त, तितका रंग गडद. काठच्या विहिरी जांभळ्या व्हायच्या, कुणी फिकी, कुणी गडद. काशम्माची विहीर कारखान्याला चिकटून, पण तिचं पाणी जसंच्या तसं. एक महिना, दुसरा महिना, उन्हाळा, पावसाळा, नितळ. क्षारही कमी.

हणमंत चक्रावला. द्रावण ताजं करून पाहिलं, नळ्या बदलून पाहिल्या. शेवटी सरांकडं गेला.

बिराजदार सरांनी नकाशा पसरला, चष्मा कपाळावर चढवला आणि टेबलावर थाप मारली. "खडक! कारखाना आणि ती विहीर यांच्यामध्ये काळ्या खडकाची उभी भिंत असणार जमिनीत. सांडपाणी तिला वळसा घालून जातं. हे नवीन आहे, बनसोडे! यावर स्वतंत्र प्रकरण लिही."

हणमंतनं लिहिलं. खडक कुणी पाहिला नव्हता, पण प्रकरण फार छान झालं. प्रबंध टंकलिखित होऊन विद्यापीठात गेला. तोंडी परीक्षेची तारीख लागली.

मधल्या दिवसांत एकदा तो बाटल्या परत न्यायला त्या वस्तीत गेला. काशम्मा जेऊरला लेकीकडं गेली होती, लेकीचं दुखणं होतं. घरात शरणम्मा एकटी. सातवा महिना लागला होता. विहिरीच्या कट्ट्याला टेकून धापा टाकत उभी होती. तिनं विचारलं, "हितलं पानी कसं निघालं वो?"

"चांगलं," हणमंत म्हणाला. "काठावरच्या सगळ्या विहिरींत हेच एक चांगलं."

"प्यायला चालतंय?"

"बिनधास्त प्या."

तो सायकलवर बसला. कुणाच्या तरी उपयोगी पडलो म्हणून त्याला बरं वाटलं. आपण इतका वेळ धुंडाळलं ते काही नुसतं कागदावर राहिलं नाही, असं त्याच्या मनात आलं.

तोंडी परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात तो पेढे घेऊन वस्तीत गेला. ज्यांनी ज्यांनी बाटली भरून दिली त्या प्रत्येक घरी एकेक पुडा. काशम्माच्या दारात पोचला तर आत भांडण चाललेलं. काशम्मा सकाळीच जेऊरहून आली होती. दारात घागर आडवी पडलेली, ओसरीवर पाणीच पाणी.

"कुनी सांगितलं गं तुला हे प्यायला? कुनी सांगितलं?" काशम्मा सुनेवर ओरडत होती. "कारखाना आल्यापास्नं ह्या घरात ह्या विहिरीचं पानी कुनी तोंडात घेतलंय का कंदी? धुन्याला, भांड्याला, म्हशीला. बास!"

"त्यांनीच सांगितलं की," शरणम्मानं दाराकडं बोट केलं.

काशम्मा वळली. हणमंत पेढ्यांचा पुडा हातात धरून उभा.

"तू सांगितलंस?"

"हो, अव्वा. चांगलं निघालंय. वर्षभर तपासलंय मी."

"काय तपासलंस?"

"पाणी. तुम्हीच भरून दिलेलं."

काशम्मा त्याच्याकडं बघत राहिली. तिचा आवाज एकदम खाली आला. गल्लीला पुरणारा तो आवाज आता ओसरीलाही पुरेना.

"अय्यो शिवा," ती म्हणाली. "ते देवळाच्या विहिरीचं पानी हुतं."

हणमंतला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "कुठलं?"

"चढावरच्या महादेवाच्या देवळाचं. रोज पहाटे पूजेला आनते ते. त्यातलंच तुझ्या बाटलीत घालायची. आमी पितो बी तेच."

"का?" त्याच्या तोंडून एवढंच निघालं.

"का म्हंजे? परक्यानं भांडं ठिवलं आपल्या दारात, त्यात असलं पिवळं पानी घालू? कालेजात सायेब लोक बसनार, चाखून बघनार, म्हननार ही काशम्माच्या घरची चव. माझ्या सासऱ्यानं बांधलेल्या विहिरीचं नाव असं कागदावर जाऊ दिऊ व्हय?"

ती खोटं बोलत नव्हती आणि लाजतही नव्हती. तिनं तिच्या समजुतीनं त्याचा मान राखला होता. दोराला हात लावू दिला नव्हता आणि बाटलीत देवाच्या पूजेचं पाणी घातलं होतं. दोन्ही गोष्टी एकाच बाईनं, एकाच हातानं केल्या होत्या. हणमंतला त्यांची सांगड घालता येईना. काळ्या खडकाची भिंत, सरांची टेबलावरची थाप, टंकलिखित प्रकरण, सगळं एका घागरीत मावलं होतं, आणि ती घागर चढावरच्या देवळातून येत होती.

शरणम्मा भिंतीला पाठ लावून खाली बसली. दोन्ही हात पोटावर. "मला चढ चढवंना, मी तर तवापास्नं हेच पितीय," ती म्हणाली. कुणाला उद्देशून नाही, नुसतीच.

काशम्मानं हणमंतला विचारलं, "पोटातल्याला काय हुईल?"

"मला माहीत नाही, अव्वा."

"तुला ठावं न्हाई?"

"खरंच नाही. कुणी तपासलेलं नाही."

त्यानं पेढे कट्ट्यावर ठेवले. पिशवीतून रिकामी बाटली काढली आणि सरळ विहिरीवर गेला. दोर धरला. रहाट कुरकुरला.

समोरच्या घरातली मल्लव्वा दारातच होती. ती किंचाळली. "अगं काशम्मा! दोर धरला बघ त्यानं! बाटवली की गं विहीर!"

हणमंतनं हात सोडला नाही. बादली मधल्या पाण्यापर्यंत सोडली, ओढून काढली. बाटली विसळली, ओतली, पुन्हा विसळली, भरली. बुडबुडा राहू दिला नाही. काम त्यानं जसं करायला पाहिजे तसंच केलं. दुसरी बाटली त्यानं काशम्मापुढं ठेवली. "यात देवळाचं घाला. आज आणलेलं असेल तर."

काशम्मानं भरली. दोर धरल्याबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. तिला सुचलंच नसेल.

तो कॉलेजात गेला आणि नळ्यांचा स्टँड, आम्ल, द्रावणाची बाटली घेऊन दुपारी परत आला. कॉलेजात तपासून येता आलं असतं. पण आता त्याच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? गल्ली तोवर जमलीच होती.

"सकाळच्याला चांगलं, दुपारच्याला वाईट!" मल्लव्वा म्हणाली. "कालेज हाय का पोपटवाला?"

दोन माणसं हसली. हणमंतनं ओसरीखाली, उजेडात स्टँड मांडला. एका नळीत देवळाचं पाणी, एकीत विहिरीचं. "दोन्हीत सारखंच घालतोय, बघा," असं म्हणून त्यानं आधी देवळाच्या पाण्यात थेंब टाकले. काही झालं नाही. पाणी पाणीच राहिलं.

मग विहिरीच्या पाण्यात टाकले.

रंग हळू चढला नाही, एकदम आला. गडद जांभळा, वांग्याच्या सालीसारखा. वर्षभर हणमंतनं काठच्या विहिरींचं जांभळं पाणी पाहिलं होतं, पण इतकं गडद एकही नव्हतं. हातातली नळी त्यानं खाली ठेवली ती नीट बसली नाही, पुन्हा उचलून ठेवावी लागली.

आता कुणी हसलं नाही. शरणम्मा उंबऱ्यात होती. तिच्या हातात पितळी फुलपात्र होतं. ती त्या नळीकडं बघत राहिली, मग फुलपात्र तिथंच उपडं केलं आणि आत गेली. उलटीचा आवाज आला.

काशम्मानं तोंडावर पदर घेतला. "शिवा, शिवा, शिवा," एवढंच तिचं चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर बाभळीच्या काट्या पडल्या. वस्तीनं ती विहीर बंद केली. का बंद केली यावर मात्र दोन मतं राहिली. काही म्हणाले, विष आहे म्हणून. काही म्हणाले, बनसोड्याच्या पोरानं दोर धरला म्हणून. हणमंतच्या कानावर दोन्ही आलं. त्याला झोंबलं. पण त्याच्या डोळ्यांपुढं उंबऱ्यातली शरणम्मा होती. विहीर बंद झाली, तिनं ते पाणी सोडलं, एवढं खरं होतं. काट्या टाकणारे कुठल्या कारणानं टाकतात हे विचारत बसायची ही वेळ नव्हती.

मल्लव्वानं काशम्माला तोंडावर विचारलं म्हणतात, "बाटली ना शेवटी तुझी विहीर?" तर काशम्मा म्हणाली, "ती कवाच बाटली हुती. कारखान्यानं बाटवली. ह्यानं नुसती दाखवली." आणि दार लावून घेतलं.

सरांना सांगणं राहिलं होतं. बिराजदार सरांनी ऐकलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "ही एक विहीर गाळून टाकू. खडकाचं प्रकरणही काढू. बाकीच्या विहिरींवर प्रबंध उभा राहतो. परीक्षा पुढं ढकलायला नको."

"सर, बाकीच्या विहिरींवरही दोर माझ्या हातात नव्हता."

"म्हणजे?"

"बाटल्या ठेवून यायचो. लोक भरून द्यायचे. कुठलं पाणी भरलं ते मी पाहिलेलं नाही."

"का? तुला शिकवलं नव्हतं नमुना कसा घ्यायचा?"

"शिकवलं होतं. लोक हात लावू देत नव्हते."

सरांच्याही गळ्यात लिंग होतं, त्यांचंही घर शहरातच होतं. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. आपल्या विद्यार्थ्याला हे लागू होतं, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. "मला सांगितलं का नाहीस?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"तुम्ही विचारलं नाही, सर."

प्रबंध मागं घेतला गेला. वर्ष गेलं. एका ठिकाणी नोकरीचं जवळजवळ ठरलं होतं, तेही गेलं. घरी सांगताना हणमंतची मान खाली होती. धोंडिराम तळव्यावरचा घास तोंडात घालून म्हणाला, "सूत डागी निघालं तर काय करतो आमी? परत हौदात घालतो. ओरडत बसतो व्हय?" थोड्या वेळानं म्हणाला, "फकस्त ह्या टायमाला हात तुझा असू दे."

हणमंत पुन्हा सगळ्या विहिरींवर फिरला. यावेळी त्यानं बाटली कुठंही ठेवली नाही. दाराशी उभं राहून सांगायचा, मी शेंदणार, नाहीतर पाणी नको. काही घरांनी दार लावलं. ती घरं त्यानं प्रबंधातून काढली आणि का काढली तेही लिहिलं. काही घरांनी कुरकुरत का होईना, हात लावू दिला. एका घरी कळलं की तिथंही बाटलीत वर्षभर शेजारच्या विहिरीचं पाणी जात होतं. त्याला आता आश्चर्य वाटलं नाही. नळी जांभळी व्हायची तेव्हा मात्र प्रत्येक वेळी तो पहिल्यांदाच पाहिल्यासारखा बघत राहायचा. त्याची सवय त्याला झाली नाही.

शरणम्माला मुलगी झाली. लहानखुरी, रडकी, पण अंगानं धड. पुढं काय होईल हे हणमंतनं कुणाला सांगितलं नाही, कारण त्याला ते माहीत नव्हतं. काशम्मानं त्याला एकदाच विचारलं होतं, परत कधी विचारलं नाही.

काशम्माच्या विहिरीवर तो दर महिन्याला जायचा. पहाटे. त्याची सायकल दिसली की काशम्मा बाहेर यायची. पूजेचं पाणी घेऊन आलेली असायची, पदर ओला असायचा. काठीनं बाभळीच्या काट्या बाजूला सारायची, खुंटीवरचा दोर काढायची आणि त्याच्या हातात द्यायची. पहिल्या वेळी म्हणाली, "नीट धर, तम्मा. खडबडीत हाय, हात सोलतंय." नंतर तेही म्हणायची गरज राहिली नाही.

मल्लव्वा समोरच्या दारातून बघायची.

गल्लीतली घागर, म्हैस, धुणं, काहीच त्या विहिरीकडं फिरकत नव्हतं. रहाट महिन्यातून एकदाच वाजायचा. हणमंत बादली सोडायचा, ओढायचा, विसळायचा, भरायचा. तो गेला की काशम्मा काट्या पुन्हा जागेवर लावायची.